गोलरक्षिका ब्रियाना स्करी

फुटबॉलच्या संघांत अकरा गडी असतात. त्यांतील दहांचें काम धांवण्याचें आणि अकराव्याचें काम थोपविण्याचें. दहांना हात लावण्याची मनाई, आणि अकराव्याची सारी भिस्त हातांवर. दहांपैकीं कोणाची चूक झाली तर ती निस्तरावयास मागें कोणीतरी उभा असतो. अकराव्याच्या मागें फक्त जाळें असतें. इंग्लंडांतील नियमांत गोलरक्षकाला स्वतंत्र स्थान मिळालें तें १८७१ सालीं, आणि १९१२ पर्यंत त्याला आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानांत कोठेंहि चेंडू हाताळतां येत असे. त्यानंतर ही मुभा गोलासमोरच्या चौकटीपुरती उरली. आमच्याकडील शाळांच्या मैदानांवर मात्र जो मुलगा धांवण्यांत मागें पडे किंवा जो उशिरां येई, त्याला गोलांत उभें करण्याची रीतच पडून गेली होती. शिक्षकीच्या उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांत हें मीं पुष्कळदां पाहिलें. गोलरक्षण ही एक स्वतंत्र विद्या आहे, ही कल्पना आम्हां शिक्षकांनाहि फारशी नसे.

आज मी आपणांपुढें जिची हकीकत ठेवणार आहें ती अमेरिकेंतील ब्रियाना स्करी हिलाहि प्रथम गोलांत उभें केलें तें कांहींशा अशाच कारणानें. पण तिच्याकडे वळण्यापूर्वीं, स्त्रियांनीं फुटबॉल खेळावा कीं नाहीं या वादाचा इतिहास दोन शब्दांत सांगणें भाग आहे. त्यावांचून तिच्या आयुष्याचा अर्थ नीट लागणार नाहीं.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील पुरुष रणांगणावर गेले आणि कारखाने स्त्रियांच्या हातीं आले. प्रेस्टन येथील डिक, कर नांवाच्या कारखान्यांतील कामगार स्त्रियांनीं आपला संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहावयास सुमारें ५३ हजार लोक लोटले होते. पुढच्याच वर्षीं, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, तेथील फुटबॉल संघटनेनें हा खेळ स्त्रियांस योग्य नव्हे असें ठरवून आपल्या सभासद संघांची मैदानें त्यांना देण्यास बंदी केली. ही बंदी सुमारें पन्नास वर्षें टिकली आणि १९७१ च्या सुमारास उठली. ५३ हजार प्रेक्षक जमविणारा खेळ अयोग्य ठरतो कसा, हें कोडें मला तरी सुटलेलें नाहीं.

अमेरिकेंत बंदी नव्हती, पण उत्तेजनहि नव्हतें. तेथें १९७२ सालीं एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. कायद्यांत खेळाचें नांव नव्हतें. परंतु त्याचा सर्वांत ठळक परिणाम क्रीडांगणावरच झाला. विद्यापीठांना मुलींसाठीं संघ काढावे लागले आणि खेळाडू मुलींना शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. ब्रियानाचा जन्म ७ सप्टेंबर १९७१ चा, मिनेसोटा राज्यांतील मिनियापोलिस शहरीं. कायदा झाला तेव्हां ती पाळण्यांत होती.

नऊ भावंडांत ती सर्वांत धाकटी. डेटन नांवाच्या लहानशा गांवांत ती वाढली आणि त्या गांवांत तिचें कृष्णवर्णीय कुटुंब हें तसें एकुलतें एक होतें. आठ वर्षांची असतांना, १९८० सालीं, अमेरिकेच्या बर्फावरील हॉकी संघानें ऑलिंपिकांत बलाढ्य रशियन संघाला हरविलें तो सामना तिनें दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि आपणहि ऑलिंपिकांत जावयाचें असें मनाशीं ठरविलें. सुमारें बाराव्या वर्षीं ती मुलांच्या फुटबॉल संघांत दाखल झाली. संघांत ती एकटीच मुलगी. धसमुसळ्या मुलांत तिला इजा होऊं नये म्हणून शिक्षकानें तिला गोलांत उभें केलें. तेथें ती सुरक्षित राहील असा त्या गृहस्थाचा हिशेब होता. पुढें तिचें आयुष्य ज्या आघातानें उलटेंपालटें झालें तो याच सुरक्षित जागीं झाला, हें आपण मागाहून पाहूं.

अनोका येथील तिच्या शाळेनें १९८९ सालीं राज्याचें अजिंक्यपद मिळविलें. नंतर ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत गेली. तेथें तिनें राज्यशास्त्राचा अभ्यास केला. पुढें वकिलीचें शिक्षण घेण्याचा तिचा मानस होता. १९९३ सालीं तिच्या विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचला, राष्ट्रीय संघाच्या शिक्षकांची दृष्टि तिच्यावर पडली, आणि वकिली राहिली ती राहिलीच. मार्च १९९४ मध्यें ती पोर्तुगालविरुद्ध अमेरिकेकडून पहिला सामना खेळली, आणि त्यांत तिनें एकहि गोल होऊं दिला नाहीं.

१९९५ च्या विश्वकरंडकांत, स्वीडनमध्यें, डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यांत एक चमत्कारिक प्रसंग घडला. सामना संपत आला असतां ब्रियानानें चौकटीबाहेर चेंडू हाताळला असें ठरून पंचांनीं तिला मैदानाबाहेर काढलें. राखीव खेळाडू उतरविण्याची मुभा संपलेली. तेव्हां मिया हॅम या नामांकित आघाडीच्या खेळाडूनें गोलरक्षकाचा सदरा चढविला आणि उरलेलीं कांहीं मिनिटें गोल राखला. अमेरिकेनें तो सामना २-० असा जिंकला, पण पुढें उपांत्य सामन्यांत नॉर्वेनें तिचा पराभव केला.

या मुली खेळत होत्या देशासाठीं, पण पोटाचा प्रश्न कोणाला चुकला आहे! १९९६ च्या ऑलिंपिकच्या तयारीस आरंभ होत असतां बक्षिसाच्या रकमेवरून तंटा उपस्थित झाला. सुवर्णपदक मिळालें तरच बक्षीस, असें संघटनेचें म्हणणें. नऊ खेळाडूंनीं करारावर सही करण्याचें नाकारलें, त्यांत ब्रियाना होती, आणि कांहीं काळ त्या नवांनाहि सरावशिबिराचीं दारें बंद झालीं. शेवटीं तडजोड निघाली. १ ऑगस्ट १९९६ रोजीं जॉर्जिया राज्यांतील अथेन्स या गांवीं ७६ हजारांवर प्रेक्षकांसमोर अमेरिकेनें चीनला २-१ असें हरवून स्त्रियांच्या फुटबॉलमधील पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलें.

आतां १९९९ च्या विश्वकरंडकाकडे वळूं, कारण ब्रियाना स्करीचें नांव जगाला ठाऊक झालें तें तेथें. अंतिम सामना १० जुलै रोजीं लॉस एंजल्सजवळील पॅसाडिना येथें झाला. प्रेक्षक ९०,१८५. समोर पुन्हां चीन. (याच चीनच्या स्त्रियांनीं ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं आपल्या नवी मुंबईंत आशियाई करंडक जिंकला, तो सामना आपल्यापैकीं कांहींनीं पाहिला असेल.) दोन तास खेळूनहि एकहि गोल झाला नाहीं. जादा वेळांत चीनच्या एका खेळाडूनें डोक्यानें मारलेला चेंडू ब्रियानाला चुकवून गेला होता. गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टीन लिलीनें तो परतविला. मग निकाल पेनल्टी किकांवर आला.

येथें थोडें गणित करूं. शिक्षकाची जुनी खोड आहे, श्रोत्यांनीं सांभाळून घ्यावी. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. पेनल्टीचा चेंडू ठेवतात तो ठिपका गोलरेषेपासून १२ यार्ड, म्हणजे ३६ फुटांवर. चेंडूचा वेग ताशीं ६० मैल धरला तर तो सेकंदाला ८८ फूट जातो. म्हणजे ३६ फूट जावयास सुमारें दोन-पंचमांश सेकंद लागतो. डोळ्यांनीं पाहून हातपाय हालवावयास मनुष्याला साधारण एक-पंचमांश सेकंद हवा. उरलेल्या पंचमांश सेकंदांत मधोमध उभ्या असलेल्या गोलरक्षकानें बारा फुटांवरच्या खांबापर्यंत झेंप घ्यावयाची. हें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. म्हणून चेंडू सुटण्यापूर्वींच दिशा ताडावी लागते; किक मारणाराची मान, खांदा, टेंकविलेला पाय यांवरून.

आणखी एक त्रैराशिक. गोलरक्षक रेषेवर उभा असतांना त्याला २४ फूट रुंदी राखावी लागते. तोच तीन फूट पुढें आला तर चेंडू त्याच्यापासून ३३ फुटांवर राहतो, आणि समरूप त्रिकोणांच्या नियमानें राखावयाची रुंदी २२ फूट होते. दोन्ही बाजूंस एकेक फूट वांचला. बारा फूट पुढें आल्यास रुंदी १६ फुटांवर येते. चालू खेळांत आघाडीचा खेळाडू एकटाच चाल करून आला कीं शहाणा गोलरक्षक गोल सोडून पुढें धांवतो, तो याच हिशेबानें. पण पेनल्टीच्या वेळीं हा लाभ त्याला घेऊं द्यावयाचा नाहीं असा नियम आहे. १९९७ पासून गोलरक्षकाला रेषेवर डावीउजवीकडे सरकण्याची मुभा मिळाली होती. चेंडू सुटेपर्यंत पुढें येण्याची मात्र नव्हती. आपल्या आट्यापाट्यांत पाटी धरणारा गडी जसा पाटीवर आडवा वाटेल तसा फिरतो, पण पाटी सोडूं शकत नाहीं, तसाच हा प्रकार.

दोन्ही संघांच्या पहिल्या दोन-दोन किका गोलांत गेल्या. तिसरी मारावयास चीनची लिऊ यिंग आली. किक मारावयास येणाऱ्या खेळाडूकडे पाहावयाचें नाहीं, आपलें मन आपल्या ठिकाणीं ठेवावयाचें, अशी ब्रियानाची एरवींची पद्धत. या वेळीं मात्र तिनें पाहिलें, आणि त्या मुलीच्या चालण्यांतच तिला साशंकता दिसली. ही आपण अडवणार असें तिच्या मनानें घेतलें, असें तिनें पुढें अनेकदां सांगितलें आहे. चेंडू सुटला, तिनें डावीकडे झेंप घेतली आणि दोन्ही हातांनीं तो बाहेर ढकलला. उरलेल्या सर्व किका दोन्ही बाजूंनीं गोलांत गेल्या. शेवटची ब्रँडी चॅस्टेननें मारली आणि अमेरिका ५-४ अशी विजयी झाली. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत छायाचित्र झळकलें तें चॅस्टेनच्या जल्लोषाचें. जिनें अडविलें तिच्यापेक्षां जिनें मारलें तिचें नांव अधिक गाजावें, ही या खेळाची नेहमींची रीत आहे.

वादहि झाला. चेंडू सुटण्यापूर्वींच ब्रियाना रेषा सोडून पुढें आली होती हें चित्रांत स्पष्ट दिसत होतें. नियमाच्या अक्षराप्रमाणें ती किक पुन्हां घ्यावयास लावणें योग्य झालें असतें, असें माझें मत आहे. पण पंचांनीं तसें केलें नाहीं. त्या काळीं कित्येक गोलरक्षक असेंच करीत आणि कित्येक पंच तिकडे काणाडोळा करीत, हेंहि तितकेंच खरें. पुढें २०१९ सालीं नियम अधिक स्पष्ट करण्यांत आला: किकच्या क्षणीं निदान एका पायाचा कांहीं भाग रेषेवर किंवा रेषेच्या वर असला पाहिजे. तेव्हां दोष द्यावयाचा तो द्यावा; पण मिळालेला एक फूट आणि अचूक ताडलेली दिशा यांपैकीं ज्या गोष्टीनें चेंडू अडला ती दुसरी होती असें मला वाटतें. चुकीच्या बाजूस झेंप घेणाराला एक फूट काय, चार फूट मिळूनहि उपयोग नाहीं.

विजयानंतरचें वर्ष तिला जड गेलें. शरीर सैलावलें, दुखापती झाल्या, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकांत तिची जागा दुसरीनें घेतली. ब्रियाना बांकावर बसून राहिली. १९९९ च्या उत्साहांतून स्त्रियांचा एक पूर्ण व्यावसायिक संघसमूह अमेरिकेंत उभा राहिला. २००१ सालीं आठ संघांनीं त्याचे सामने सुरू झाले, आणि ब्रियाना अटलांटाच्या संघाकडे गेली. तेथें तिनें आपलें शरीर व आपली जागा पुन्हां कमावली. दैवाचा खेळ असा, कीं पहिल्याच वर्षींचा अंतिम सामना तिचा संघ पेनल्टी किकांवरच हरला. खर्च मोठा आणि उत्पन्न तुटपुंजें, यामुळें तीन हंगामांतच तो सारा उद्योग बुडाला. १५ सप्टेंबर २००३ रोजीं, म्हणजे त्या वर्षींचा विश्वकरंडक सुरू होण्याच्या पांचच दिवस आधीं, खेळाडूंना ती बातमी कळली. पगारी खेळाडू म्हणून झोंपीं गेलेल्या मुली बेकार होऊन विश्वकरंडकांत उतरल्या, आणि तिसऱ्या आल्या.

२००४ सालीं तिच्या वडिलांचें निधन झालें. त्याच उन्हाळ्यांत ग्रीसमधील अथेन्सच्या ऑलिंपिकांत अमेरिकेनें जादा वेळांत ब्राझीलला २-१ असें हरविलें आणि ब्रियानाला दुसरें सुवर्णपदक मिळालें. एक पदक जॉर्जियांतल्या अथेन्सला, दुसरें ग्रीसमधल्या. भूगोलाच्या शिक्षकानें परीक्षेंत विचारावा असा हा योगायोग आहे.

२००७ च्या विश्वकरंडकांत तिला एका अवघड प्रसंगास तोंड द्यावें लागलें. होप सोलो ही तरुण गोलरक्षिका लागोपाठ तीन सामन्यांत एकहि गोल होऊं न देतां खेळली असतां, उपांत्य सामन्यासाठीं शिक्षकांनीं तिला बसवून ब्रियानाला उतरविलें. ब्राझीलविरुद्ध तिचा पूर्वीचा खेळ चांगला होता, हें कारण. अमेरिका ४-० अशी हरली. आपण असतों तर ते गोल अडविले असते, असें सोलोनें उघडपणें बोलून दाखविलें. छत्तीस वर्षांच्या एका खेळाडूच्या पदरीं हें यावें याचें वाईट वाटतें. आणि बसवलेल्या तरुण मुलीचा संतापहि समजण्यासारखा आहे. दोघींनाहि त्या स्थितींत लोटणारा निर्णय दोघींचा नव्हता. १९९४ ते २००८ या काळांत ब्रियाना देशाकडून १७३ सामने खेळली.

२००९ सालीं दुसरा व्यावसायिक संघसमूह निघाला, आणि ती वॉशिंग्टनच्या संघांत गेली. २५ एप्रिल २०१० रोजीं फिलाडेल्फियाशीं सामना चालू होता. एक खालून आलेला चेंडू धरावयास ती वांकली, आणि धांवत आलेल्या प्रतिपक्षाच्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूस आदळला. हाड मोडलें नाहीं, रक्त आलें नाहीं. मध्यंतरापर्यंत ती तशीच उभी राहिली. तो तिच्या आयुष्यांतला शेवटचा सामना ठरला.

मेंदूला बसणारा हा हादरा समजावून घेण्यासारखा आहे. कवटीच्या आंत मेंदू द्रवांत तरंगत असतो. घट्ट झांकणाच्या डब्यांत पाणी आणि पिकलेलें फळ घालून डब्याला जोराचा हिसका द्यावा. डबा शाबूत राहतो, फळ आंतून चेपतें. साध्या तपासणीच्या चित्रांत बहुधा कांहींच दिसत नाहीं. म्हणून शेजारीपाजारी म्हणतात, "हिला झालें आहे तरी काय?" पुष्कळ लोक थोड्याच आठवड्यांत बरे होतात, कांहीं होत नाहींत. ब्रियाना त्या दुसऱ्यांतली. डोकेंदुखी अखंड, उजेड सोसवेना, तोल जाई, वाचलेलें ध्यानांत राहीना, आणि मनावर अंधार पसरला. उपचाराच्या खर्चावरून विमेवाल्यांशीं झगडा सुरू झाला. दोन्ही सुवर्णपदकें गहाण पडलीं. जीव नकोसा होऊन एकदां ती एका धबधब्याच्या कांठावर जाऊन उभी राहिली होती. आईची आठवण झाली म्हणून परत फिरली. हें तिनें स्वतःच जगाला सांगितलें आहे, म्हणून मी येथें उच्चारतों.

पैशाची आणि प्रसिद्धीची वाट शोधतांना तिची गांठ क्रिसा झिझोस या प्रसिद्धिव्यवसायांतील स्त्रीशीं पडली. झिझोस यांनीं विमेवाल्यांच्या पाठीस लागून उपचारांची वाट मोकळी करण्यास हातभार लावला, आणि पदकेंहि सोडवून आणलीं. तिच्या डोकेंदुखीचें एक मूळ मेंदूंत नसून डोक्याच्या मागच्या बाजूस मानेंतून वर जाणाऱ्या मज्जातंतूंत आहे, तो दुखावून दाबला गेला आहे, असें तज्ज्ञांस आढळलें. ऑक्टोबर २०१३ मध्यें वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन येथील रुग्णालयांत शस्त्रक्रिया करून तो मोकळा करण्यांत आला. तीन वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसलेली ती वेदना ओसरली. मनाचे आणि स्मरणशक्तीचे उपचार त्यानंतरहि चालू ठेवावे लागले. २०१८ सालीं ब्रियाना आणि क्रिसा यांनीं विवाह केला.

मार्च २०१४ मध्यें अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढें ब्रियानानें साक्ष दिली. मुलांमुलींच्या खेळांतील डोक्याच्या इजा हा विषय होता. एरवीं पदकांसंबंधानें बोलणाऱ्या खेळाडूनें आपल्या विस्मरणाविषयीं आणि निराशेविषयीं तेथें उघडपणें सांगितलें. त्यानंतर तिनें हेंच आपलें मुख्य काम मानलें. खेळाचे नियमहि हळूहळू बदलले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागीं, नेहमींच्या बदलांच्या संख्येंत न मोजतां, दुसरा उतरविण्याचा प्रयोग २०२१ सालीं सुरू झाला, आणि २०२४ पासून स्पर्धा भरविणारांना तो स्वीकारण्याची मुभा नियमांतच देण्यांत आली. आपल्या देशांतहि आतां मुली गोलांत उभ्या राहूं लागल्या आहेत. अदिति चौहान ही २०१५ सालीं इंग्लंडांतील वेस्ट हॅमच्या स्त्रीसंघाकडून गोलरक्षण करावयास गेली होती. ज्या पालकांच्या मुली खेळतात त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: डोक्याला धक्का बसल्यानंतर मुलगी "मी ठीक आहें" म्हणाली तरी तिला त्या दिवशीं पुन्हां मैदानावर जाऊं देऊं नये, आणि वैद्याला दाखवावें. त्याच दिवशीं बसलेला दुसरा धक्का पहिल्यापेक्षां पुष्कळ घातक ठरूं शकतो.

२०१७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल कीर्तिमंदिरासाठीं ब्रियाना स्करीची निवड झाली. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री आणि पहिली स्त्री-गोलरक्षक. २०२२ सालीं तिचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. इंग्रजी नांवाचा अर्थ "माझा सर्वांत मोठा बचाव" असा आहे, आणि तें नांव तिनें पॅसाडिनाच्या किकेला उद्देशून दिलेलें नाहीं.